जस्टिन जेफरसनचा साप्ताहिक अंदाज: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

तुमच्या फँटसी फुटबॉलच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, एनएफएलच्या) संघात मिनेसोटा व्हायकिंग्जचा रिसीव्हर जस्टिन जेफरसन असेल, तर ‘या आठवड्यात त्याला खेळवू का?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी कुणालाही एक डॉलरसुद्धा देऊ नका. त्याला खेळवायचंच. तो मैदानात उतरणार असताना त्याला बेंचवर बसवावं इतका भक्कम पर्याय बारा जणांच्या लीगमध्ये कुणाकडेच नसतो.

तरीही त्याच्यावर दर आठवड्याला लिहिला जाणारा अंदाज मी पैसे भरून वाचते, आणि या ऑगस्टमध्येही भरणार आहे. त्या अंदाजातला कुठला भाग पैशांच्या लायकीचा आहे आणि कुठला नुसता भरणा आहे, ते इथे सविस्तर लिहिते. सेवेचं नाव मुद्दाम देत नाही. या धंद्यातल्या सगळ्यांचा साचा जवळपास एकच असतो आणि खालच्या बहुतेक तक्रारी कुणालाही लागू पडतील. सीझनचे साधारण ३५ डॉलर. त्यात मंगळवारी रात्री क्रमवारी, बुधवारी प्रत्येक मोठ्या खेळाडूवर एक-दोन परिच्छेद, शुक्रवारी संध्याकाळी त्यात सुधारणा आणि रविवारी सकाळी शेवटचा शब्द असं मिळतं.

ज्यांनी फँटसी म्हणजे फक्त ड्रीम इलेव्हन पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रिकेटमध्ये आपण दर मॅचला नवा संघ निवडतो आणि विराट कोहली हजारो लोकांच्या संघात एकाच वेळी असू शकतो. इथे सीझनच्या आधी ड्राफ्ट होतो आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच मालकाकडे जातो. जेफरसन माझ्याकडे असेल तर तो बाकी अकरा जणांकडे नसतो, आणि सप्टेंबरपासून साधारण डिसेंबर संपेपर्यंत त्याचं बरं-वाईट सगळं माझंच असतं. आमच्या लीगमध्ये वाइड रिसीव्हरला (फेकलेला पास झेलणाऱ्याला) प्रत्येक कॅचचा १ पॉइंट, दर १० यार्डांना १ आणि टचडाउनचे (बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेल्याचे) ६ मिळतात. म्हणजे पीपीआर (पॉइंट पर रिसेप्शन) पद्धत.

आता सेवेकडे वळू. पान उघडलं की सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, एक आकडा असतो. समजा १९.६. या आठवड्यात जेफरसन इतके पॉइंट करेल असा त्याचा अर्थ. पानावरची सगळ्यात निरुपयोगी गोष्ट हीच, आणि लोकांची नजर तिच्यावरच खिळते.

२०२२ चा सीझन घ्या. १२८ कॅच, १,८०९ यार्ड, ८ टचडाउन. त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू म्हणून त्याला एनएफएलचा पुरस्कार मिळाला. सरासरी काढली तर एका मॅचला २२ पॉइंटांच्या जरा आत. पण पहिले चार आठवडे बघा. ग्रीन बेविरुद्ध घरच्या मैदानावर ९ कॅच, १८४ यार्ड, २ टचडाउन, म्हणजे ३९.४. पुढच्या सोमवारी रात्री फिलाडेल्फियात तिथला बचावपटू डॅरियस स्लेने त्याला जखडून ठेवलं, ४८ यार्ड, १०.८. मग डेट्रॉइटविरुद्ध ३ कॅच आणि १४ यार्ड, ४.४. त्यानंतर लंडनमध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध १४७ यार्ड आणि वर धावत जाऊन एक टचडाउन, तिशीच्या पुढे. चार आठवड्यांत एकदाही तो विशीच्या आसपास फिरकला नाही. सरासरी अगदी खरी आहे, पण त्या सरासरीएवढे पॉइंट तो क्वचितच करतो. एकतर आठवडा जिंकून देतो, नाहीतर हात रिकामे ठेवतो. अशा खेळाडूबद्दल १९.६ हा आकडा छापणं म्हणजे मे महिन्यातला विदर्भ आणि महाबळेश्वर यांचं सरासरी तापमान काढून कपडे ठरवण्यासारखं आहे.

माझा भाचा पुण्याहून आमच्या लीगमध्ये खेळतो. रविवारच्या पहिल्या मॅच तिथे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरमध्ये इथे मिनेसोटात घड्याळं मागे गेली की साडेअकराला. त्याचा मेसेज ठरलेला: “मावशी, प्रोजेक्शनमध्ये मी तुझ्या सात पॉइंट पुढे आहे.” मी त्याला दर वेळी सांगते, सातवर जाऊ नकोस, तुझा कोण किती खाली घसरू शकतो ते बघ. तो हिशेबात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहे. पण मोठ्या अक्षरांतला आकडा शहाण्या माणसालाही ओढून घेतो, आणि सेवेवर माझा पहिला आक्षेप हाच आहे. त्याच पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, ‘फ्लोर’ आणि ‘सीलिंग’ असे दोन आकडे दिलेले असतात. फार वाईट गेलं तर इतके, फार चांगलं गेलं तर इतके. एका स्टार रिसीव्हरच्या मालकाला हवे असतात ते हे दोन आकडे. ते वर आणा आणि १९.६ खाली न्या, एवढं मी त्यांना कळवलंही आहे.

दुसरा आक्षेप रंगांवर. समोरच्या संघाचा बचाव कच्चा असेल तर नावाशेजारी हिरवा ठिपका, पक्का असेल तर लाल. डेट्रॉइटचा बचाव २०२२ मध्ये लीगमधल्या सर्वांत ढिल्या बचावांपैकी होता. त्यांच्याविरुद्ध सप्टेंबरात जेफरसनचे १४ यार्ड, आणि त्याच डेट्रॉइटविरुद्ध डिसेंबरात ११ कॅच आणि २२३ यार्ड. व्हायकिंग्जच्या इतिहासात एका मॅचमध्ये कुठल्याही रिसीव्हरने तोवर इतके यार्ड केले नव्हते, आणि तरी संघ ती मॅच हरला. प्रतिस्पर्धी तोच, वर्ष तेच, फरक २०९ यार्डांचा. हिरवा ठिपका या दोन्ही दिवसांबद्दल काहीच सांगू शकत नाही.

ग्रीन बेचं उदाहरण तर मला अजून बोचतं. पहिल्या आठवड्यातल्या त्या १८४ यार्डांना ग्रीन बेचा तेव्हाचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) जायर अलेक्झांडर उघडपणे नशिबाचा खेळ म्हणाला होता. १ जानेवारी २०२३ ला लॅम्बो फील्ड या ग्रीन बेच्या मैदानावर त्याने बोललेलं खरं करून दाखवलं. जेफरसनचा १ कॅच, १५ यार्ड. एक पास अडवल्यावर अलेक्झांडरने जेफरसनचाच ग्रिडी नाच त्याच्यासमोर करून दाखवला. तो सतरावा आठवडा होता, म्हणजे बहुतेक फँटसी लीगच्या अंतिम लढतीचा. वर्षभर ज्याने संघ ओढला त्याने शेवटच्या दिवशी २.५ पॉइंट दिले. त्या सीझनला जेफरसन माझ्या नवऱ्याच्या संघात होता. त्याला बेंचवर बसवायला हवं होतं असं तेव्हा कुणी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण त्याच्या शेजारी फ्लेक्सच्या जागी कोणाला उभं करायचं हा निर्णय मात्र तळाचा आकडा समोर ठेवून घेता आला असता, आणि अंदाज वाचायचा तो त्यासाठीच.

फ्लेक्स म्हणजे लाइनअपमधली मोकळी जागा. तिथे रिसीव्हर चालतो, बॉल घेऊन धावणारा रनिंग बॅक चालतो, टाइट एंडही चालतो. समजा माझ्याकडे त्या जागेसाठी दोन जण आहेत. एक दर आठवड्याला ५-६ कॅच घेऊन ५०-६० यार्ड करणारा, फार उड्या न मारणारा. दुसरा लांब पल्ल्याचा, एक पास हाती लागला तर ७० यार्डांचा टचडाउन, नाहीतर शून्य. जेफरसनचा आठवडा डळमळीत दिसत असेल आणि माझा बाकी संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा भारी असेल, तर मी पहिल्याला घेते. माझा संघ दुबळा असेल तर दुसऱ्याला, कारण मग मला उडीच हवी असते. हे गणित जेफरसनच्या अंदाजावरून सुरू होतं, पण उत्तर दुसऱ्याच खेळाडूबद्दल मिळतं. सेवेच्या लेखकांपैकी एक-दोघांनाच हे कळलेलं दिसतं. बाकीचे ‘नक्की खेळवा’ लिहून मोकळे होतात, आणि ते तर आपल्याला ठाऊकच असतं.

आणखी एक गोष्ट ते चांगली सांगतात: समोरच्याकडे व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक (जेफरसनला पास फेकणारा) असेल तर काय. २०२४ मध्ये सॅम डार्नल्डच्या हातात संघ होता, व्हायकिंग्ज १४ मॅच जिंकले आणि जेफरसनने १,५३३ यार्ड, १० टचडाउन केले. तेव्हा माझ्याविरुद्ध खेळणाऱ्याकडे डार्नल्ड असेल, तर जेफरसनच्या प्रत्येक टचडाउनला मला सहा आणि त्याला चार पॉइंट मिळायचे, यार्डांचे वेगळे. म्हणजे माझ्या सर्वात मोठ्या खेळाडूची धार अर्धीअधिक बोथट. हे बुधवारी कळलं तर बाकीच्या जागा त्याप्रमाणे लावता येतात.

आता खऱ्या गुणांकडे येते. पैसे वसूल होतात ते बुधवार ते शुक्रवार या तीन दिवसांत. सराव कोणी पूर्ण केला, कोणी अर्धवट, कोण आलाच नाही, हे संघांनी रोज जाहीर करायचं असा एनएफएलचा नियम आहे. शुक्रवारी त्यावर शिक्का बसतो: क्वेश्चनेबल, डाउटफुल किंवा आउट. पूर्वी प्रॉबेबल असा चौथाही होता, तो २०१६ मध्ये काढून टाकला. तेव्हापासून क्वेश्चनेबल या एका शिक्क्याखाली किरकोळ ठणका असलेलाही येतो आणि खरोखर लंगडणाराही. त्यातला कोण कुठला, हे ओळखायला सरावाच्या ठिकाणी रोज जाणाऱ्या बातमीदारांचं म्हणणं वाचावं लागतं. व्हायकिंग्जचं सराव केंद्र ईगनला, आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. पण शेजारी राहून काय कळणार! सराव बातमीदारांनाही सुरुवातीची काही मिनिटंच बघू देतात. ही सेवा त्यांच्या नोंदी एकत्र करून, जेफरसन वेगाने धावला की नुसता पाय मोकळे करत होता, इतकं बारीक लिहिते. त्या मजकुराला मी पूर्ण गुण देते.

२०२३ मध्ये याची खरी परीक्षा झाली. पाचव्या आठवड्यात कॅन्सस सिटीविरुद्ध त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि त्याला इंज्युअर्ड रिझर्व्ह यादीत टाकलं. त्या यादीत गेलं की किमान चार मॅच बाहेर. चार झाल्या, पण तो आला नाही. एकूण सात मॅच चुकल्या. तो परत येईपर्यंत क्वार्टरबॅक कर्क कझिन्सची टाच जायबंदी होऊन त्याचा सीझन संपला होता, आणि नवे क्वार्टरबॅक आलटून पालटून येत होते. शेवटी चौदाव्या आठवड्यात जेफरसन लास वेगासला उतरला, २ कॅच घेतले, छातीवर मार बसला आणि बाहेर गेला. व्हायकिंग्ज ती मॅच ३-० अशी जिंकले. फुटबॉलमध्ये असा स्कोअर सहसा बघायला मिळत नाही.

त्या सगळ्या काळात बऱ्याच ठिकाणी ‘पुढच्या आठवड्यात येण्याची शक्यता’ हे वाक्य छापून येत होतं. या सेवेनं मात्र स्पष्ट लिहिलं की मांडीच्या स्नायूची दुखापत उलटते, नवा भलामोठा करार डोळ्यांसमोर असलेला खेळाडू घाई करणार नाही आणि संघही त्याला घाई करू देणार नाही. करार झाला तो पुढच्या जूनमध्ये, चार वर्षांचे १४ कोटी डॉलर. तोवर कुठल्याही क्वार्टरबॅकव्यतिरिक्तच्या खेळाडूला वर्षाला इतके पैसे मिळाले नव्हते. खेळाडूच्या जागी बसून विचार करणारा एक परिच्छेद माझ्या दृष्टीने दहा तक्त्यांच्या बरोबरीचा आहे.

क्वार्टरबॅकचा विषय निघालाच आहे तर गेल्या सीझनबद्दल बोलायला हवं, कारण तिथे सेवा दोन भागांत फाटली. २०२५ मध्ये जे. जे. मॅकार्थी, कार्सन वेंट्झ आणि मॅक्स ब्रॉस्मर असे तिघे पास फेकत होते. ३० नोव्हेंबरला मॅकार्थी डोक्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुणीच न निवडलेला, पहिल्याच वर्षाचा ब्रॉस्मर सिॲटलला जाऊन तिथल्या जबरदस्त बचावासमोर पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होता. हे आठवड्याच्या मध्यातच माहीत होतं. सेवेच्या मजकुरात धोका नीट लिहिला होता: पास लवकर सुटतील, जवळचे असतील, जेफरसनवर दोन-दोन जण असतील. पण वरचा ठळक आकडा जेमतेम दोन पॉइंटांनी खाली आणला होता. मॅच सिॲटलने २६-० अशी जिंकली, जेफरसनचे २ कॅच, ४ यार्ड. लेखकाने जे पाहिलं ते गणिताच्या यंत्रानं पाहिलं नाही, आणि दोघं एकाच पानावर असून एकमेकांशी बोलत नव्हते. हा दोष मला गंभीर वाटतो. वाचकाने कुणाचं ऐकायचं ते सेवेनं ठरवायला हवं.

रिसीव्हर कितीही मोठा असला तरी बॉल त्याच्यापर्यंत दुसऱ्यानेच पोचवायचा असतो. २०२२ च्या नोव्हेंबरात बफेलोत चौथ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नात १८ यार्ड हवे असताना त्याने बचावपटूच्या हातांतून एका हाताने ओढून घेतलेला तो कॅच मी कितीतरी वेळा पाहिलाय. पण तिथेही कझिन्सने बॉल त्याच्याकडे फेकला होता म्हणून तो घडला. त्यामुळे अंदाज वाचताना मी आधी क्वार्टरबॅकचा परिच्छेद वाचते, मग दुखापतीचा, मग समोरचा बचाव दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल ठेवतो की माणसाला माणूस लावतो ते. जेफरसनचं स्वतःचं कौतुक असलेला परिच्छेद मी वाचत नाही, तो दर आठवड्याला तोच असतो.

किरकोळ गोष्टी. हवामानाची ओळ प्रत्येक पानावर असते, घरच्या मॅचलासुद्धा. व्हायकिंग्जचं स्टेडियम छताखाली आहे, बाहेर उणे वीस असलं तरी आत वारा नाही. डेट्रॉइटलाही छत आहे. ती ओळ शिकागो आणि ग्रीन बेसारख्या उघड्या मैदानांपुरती ठेवली तरी चालेल. युरोपातल्या मॅचच्या आठवड्यात रविवारचा शेवटचा शब्द नेहमीच्याच वेळी येतो हे मात्र चालणार नाही. गेल्या ऑक्टोबरात लंडनची मॅच आमच्याकडे सकाळी साडेआठला सुरू झाली. सेवेचा मेसेज त्यानंतर आला. लाइनअप तोवर कुलूपबंद झालेली असते, आणि खेळाडू खेळणार की नाही याची अधिकृत यादी तर मॅचच्या दीड तास आधी येते. गुरुवारच्या मॅचच्या आठवड्यांतही हीच रड आहे. बुधवारचा मजकूर मंगळवारी हवा, तो बुधवारी दुपारी येतो.

ट्रेडचा, म्हणजे मालकांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा, सल्ला सरासरी. ‘दोन वाईट आठवडे गेले, आता त्याला स्वस्तात मागा’ हे कुणीही सांगेल, आणि जेफरसनचा मालक त्याला स्वस्तात देतही नाही. आमच्या लीगमध्ये तरी कुणी दिलेला नाही. त्यापेक्षा सुट्टीचा आठवडा कुठला आणि सीझनच्या शेवटच्या तीन मॅच छताखाली आहेत की उघड्यावर, हे ऑगस्टमध्येच नीट मांडलं तर ड्राफ्टच्या आधी उपयोग होईल.

घ्यायची की नाही? तुमच्या संघात पहिल्या फेरीतला रिसीव्हर असेल, फ्लेक्ससाठी दर आठवड्याला दोघा-तिघांत खल करावा लागत असेल, तर घ्या. मग तो जेफरसन असो की सिनसिनाटीचा जमार चेस. चेसचं पानही मी वर्गणीतच वाचते आणि तिथेही क्वार्टरबॅकचा परिच्छेदच सर्वांत कामाचा निघतो. नुसती क्रमवारी हवी असेल तर लीगच्या ॲपमध्ये फुकट मिळते तेवढी पुरे. वर्गणी महिन्यावारीही भरता येते. सप्टेंबरात बहुतेक सगळे धडधाकट असतात, क्वार्टरबॅकही ठरलेले असतात, तेव्हा फुकटावर भागतं. ऑक्टोबरपासून भरलीत तर शुक्रवारचे सगळे महत्त्वाचे अहवाल हाती येतील. शुक्रवारचा मजकूर इथे संध्याकाळी सहाच्या सुमारास येतो, म्हणजे पुण्यात शनिवारची पहाट. भाच्याला तो उठल्या उठल्या वाचता येतो आणि रविवार रात्रीपर्यंत बदल करायला दोन पूर्ण दिवस मिळतात.